जाळ्याचा आस मिटतो तेव्हा

मे महिना संपत आला की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. पावसाळ्यात सगळे मासे अंडी घालतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून श्रावणात मासे वर्ज्य. सरकारही म्हणूनच दोन महिने मासेमारी बंद ठेवतं. त्यानंतर खुशाल खा, समुद्र पुन्हा भरलेला असतो. यातली बंदी खरी आहे, आणि माशांचं प्रजनन हे तिचं एक कारणही आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. बाकीचं ऐकायला गोड आहे, पण चूक. बोंबील वर्षातले बरेच महिने अंडी देतो, इतर माशांचे हंगाम वेगवेगळे, आणि श्रावण तर अधिक मासामुळे पुढेमागे सरकतो. व्रत ज्याला करायचं त्याने जरूर करावं, त्याला मत्स्यविज्ञानाचा शिक्का मारू नये.

या समजुतीत अंड्यांची काळजी आहे, पिल्लांचा विचार मात्र कुठेच नाही. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरात किनाऱ्याजवळ, खाड्यांच्या तोंडाशी चरत असतात. नेमकी तेव्हाच जाळी पुन्हा पाण्यात उतरतात. त्या पिल्लांचं काय होणार हे कॅलेंडर ठरवत नाही, जाळ्याचं भोक ठरवतं. मच्छीमार त्याला ‘आस’ म्हणतात.

आधी थोडं शाळेतलं गणित. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, कारण लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. समजा 90 मिमीचा बोंबील 4 ग्रॅमचा आहे. 180 मिमीचा झाला की तो 32 ग्रॅमच्या आसपास भरेल. असे 1,000 छोटे बोंबील आज पकडले तर हाती येतील 4 किलो. सोडून दिले आणि त्यातले 600 मोठ्या माशांच्या पोटात गेले असं धरलं, तरी उरलेल्या 400 चे 12.8 किलो होतात. शिवाय मोठा बोंबील ताजा विकला जातो किंवा जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, वाळायला जातो. छोट्याची कुटी होते, म्हणजे कोंबडीचं खाद्य नाहीतर खत. समुद्र ओरबाडणं म्हणजे फार मासे मारणं, एवढंच आपण समजतो. मासा वाढायच्या आत मारणं हे त्याहून मोठं नुकसान आहे, आणि ते कोळ्यांच्याच पदरी पडतं.

मग आस मोठा करा, प्रश्न सुटला? इथेच खरी मेख आहे.

बाजारातून संत्र्यांची नायलॉनची जाळीदार पिशवी आणा. रिकामी असताना दोन्ही हातांनी पसरली की भोकं छान चौकोनी दिसतात. आता तळाशी किलोभर संत्री ठेवून ती हातात लटकवा आणि नीट पाहा. संत्र्यांच्या वरची सगळी भोकं मिटून उभ्या चिरा झालेल्या असतात. संत्र्यांभोवती पिशवी फुगलेली असते, तिथली भोकं उघडी असतात, पण त्यांच्यावर संत्रंच टेकलेलं असतं. वरचा भाग आणि हा फुगवटा जिथे मिळतात, तिथे मात्र एक-दोन ओळी उघड्याही असतात आणि मोकळ्याही.

ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेलेल्या जाळ्याच्या, शेपटाकडे एक पिशवी असते, तिला खोला म्हणतात. त्या खोल्यात पाण्याखाली अगदी हेच घडतं. बोट जाळं ओढते, मासळी शेवटाला साठत जाते, तिचा भार मागे खेचतो आणि पुढचं सगळं जाळं ताणलं जातं. आस मोजतात तो ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर धरून. 40 मिमीचा आस म्हणजे 20 मिमीच्या चार बाजू. पूर्ण उघडा असेल तर 20 बाय 20 चा चौकोन, क्षेत्रफळ 400 चौरस मिमी. ताण आल्यावर तो काजूकतलीसारखा निमुळता होत जातो. आडवी रुंदी 10 मिमीवर आली की उंची जवळजवळ 39 मिमी होते आणि क्षेत्रफळ 194 वर येतं. कागदावर निम्मं भोक शिल्लक आहे, पण माशाला लागते रुंदी. 15 मिमी जाडीचं गोलसर पिल्लू 10 मिमीच्या चिरेतून निघणार कसं? मासळी जितकी जास्त, ताण तितका जास्त आणि चीर तितकी बारीक. म्हणजे मापाने अगदी कायदेशीर असलेलं जाळं पाण्यात मच्छरदाणीसारखं वागू शकतं. सुटकेला जागा उरते ती फुगवट्याच्या तोंडाशी, त्या एक-दोन ओळींत.

यावरचा उपाय सोपा आणि सुंदर आहे. तेच जाळं 45 अंशांत फिरवून लावायचं. आता चारपैकी दोन बाजू ओढीच्या दिशेत येतात आणि ताण त्या सोसतात. आडव्या दोन बाजूंवर ताण येत नाही, त्यामुळे भोक 20 बाय 20 च राहतं. याला चौकोनी आस म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने 40 मिमीच्या चौकोनी आसाचा खोला वर्षानुवर्षं सुचवला आहे.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. भार निम्म्याच धाग्यांवर पडतो, म्हणून धागा मजबूत लागतो. तो फार जाड घेतला तर भोकच लहान होतं. गाठींचं जाळं असेल तर गाठी सरकतात आणि चौकोन पुन्हा कलतो, म्हणून बिनगाठीचं जाळं चांगलं, पण ते फाटलं तर नेहमीच्या हाताने शिवता येत नाही. आणि आत बारीक जाळ्याचं अस्तर लावलं की बाहेरच्या चौकोनाला काही अर्थच राहत नाही.

वर्सोवा, मढ, गोराई, उत्तनकडच्या डोल जाळ्याची गोष्ट याहून अवघड आहे. डोल ओढत नाहीत. ती एका जागी बांधलेली असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी तिच्यात आणून टाकतो. म्हणून उधाणाला, प्रवाह जोरात असताना, डोल चांगली भरते आणि भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, सुस्तावते. प्रवाह मासळीबरोबर मुंबई शहराचा कचराही आणतो. 30 बाय 40 सेमीची एक प्लास्टिक पिशवी खोल्याच्या आतून चिकटली, तर 20 बाय 20 मिमीची 300 भोकं बंद होतात. एका ओहोटीत अशा किती पिशव्या येतात, ते जाळं झाडणाऱ्या कोणालाही विचारा. दुसरा पेच जवळ्याचा. जवळा पूर्ण वाढला तरी दोन-तीन सेंटीमीटरचाच, त्यामुळे त्याच्या बोक्शी जाळ्याचा आस बारीक असणारच. त्यात बोंबलाची पिल्लंही येतात, आणि बोंबलाचं अन्न तर जवळाच. एकाच खेपेत पिल्लंही जातात आणि त्यांचं जेवणही.

पापलेटपुढे मात्र चौकोनी आसाचीही मात्रा चालत नाही. पापलेटची उंची लांबीच्या साधारण दोन तृतीयांश भरते. 100 मिमीचं पिल्लू 65 मिमीच्या आसपास उंच असतं, आणि 20 बाय 20 चा कर्णही फक्त 28 मिमी. तिरपं होऊनसुद्धा ते निघत नाही. उलट चपट्या माशाला कधीकधी उभी चीरच बरी पडते. म्हणून पापलेटसाठी आस पुरत नाही. पिल्लं जिथे आणि जेव्हा गोळा होतात, तिथे तेव्हा जाळंच टाकायचं नाही, हाच उपाय. बंदी ऑगस्टातही चालू ठेवा, ही मच्छीमारांमधून वर्षानुवर्षं येणारी मागणी म्हणूनच गंभीरपणे घ्यायला हवी.

2023 च्या सप्टेंबरात पापलेट राज्याचा मासा झाला. त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी किमान लांबी ठरली. तिच्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट 135 मिमी, बोंबील 180 मिमी. बाजारात हे मापायला पट्टी लागत नाही. मोठ्या माणसाची वीत 20 ते 22 सेंटीमीटर भरते, तेव्हा बोंबील वितीपेक्षा फार तर एक-दोन बोटं कमी चालेल. बहुतेक मोबाइल 15-16 सेंटीमीटर लांब असतात. पापलेट शेजारी मोबाइल धरा. मासा एका बोटाहून जास्त आखूड दिसला तर तो घेऊ नका, आणि का घेत नाही ते मासेवाल्या मावशींना सांगा. सकाळी धक्क्यावर लिलावात टोपली घेताना त्यांना ते आठवेल.