सव्वादोन सेकंदांचा वाद : सात नंबरच्या इमारतीची पार्श्वभूमी

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पडलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या चित्रफितींवर जगभर काथ्याकूट झाला, पण सगळ्यांत चिवट वाद झाला तो त्यांच्या उत्तरेला उभ्या असलेल्या ४७ मजली सात नंबरच्या इमारतीवर. ती आगीने पडली की सुरुंग लावून पाडली, हा तो वाद. तिला विमान धडकलं नव्हतं. उत्तर मनोरा पडताना त्याचा जळता ढिगारा तिच्यावर आला आणि आगी लागल्या. पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या होत्या, त्यामुळे खालच्या मजल्यांवरचे स्प्रिंकलर कोरडेच राहिले. सुमारे सात तास जळून संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी इमारत खाली बसली. अग्निशमन दलाने दुपारीच आपली माणसं मागे घेतली होती, म्हणून तिथे जीवितहानी झाली नाही. बहुधा त्यामुळेच पहिली काही वर्षं तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. हल्ल्याच्या चौकशी आयोगाचा २००४ चा जाडजूड अहवाल तर तिच्या कोसळण्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

चित्रफीत थांबवून एकेक फ्रेम न्याहाळायची खोड यापेक्षा जुनी आहे. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हवाई जहाज जळालं तेव्हा बातमीपटवाले हजर होते, पण ठिणगी पडली तो क्षण त्यांच्या कॅमेऱ्यांत आला नाही. घातपाताच्या चर्चेला तेवढी जागा पुरली. १९६३ च्या डॅलसमधल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची हौशी फिल्म जेमतेम २६ सेकंदांची, आणि तिच्यावर दोन पिढ्यांचे डोळे शिणले. मात्र तेव्हा फिल्मची प्रत मिळवणं हीच मोठी खटपट असे. २००५ नंतर व्हिडिओ घरबसल्या मिळू लागले आणि ही अडचण संपली.

सात नंबरचे जे तुकडे फिरले ते बहुतेक सहा-सात सेकंदांचे होते. बाहेरची भिंत सरळ खाली जाते, बस्स. त्याआधी सुमारे सात सेकंद गच्चीवरचं पूर्वेकडचं बांधकाम आत धसतं, म्हणजे इमारत आतून आधीच ढासळू लागलेली असते. हा भाग अनेक तुकड्यांतून कापलेला होता. मुद्दाम कापला की टीव्हीवरून उतरवतानाच सुटला, हे दर वेळी सांगता येत नाही, पण परिणाम एकच. पाहणाऱ्याला सुरुंग लावून पाडलेली इमारत दिसते. त्यात २००७ च्या फेब्रुवारीत एका ब्रिटिश वाहिनीचं जुनं प्रक्षेपण सापडलं. त्यात वार्ताहर इमारत पडल्याचं सांगते आहे आणि तिच्या पाठीमागे इमारत उभी आहे. इमारत पडणार हे दुपारपासून घटनास्थळी बोललं जात होतं, आणि त्या गदारोळात ‘पडणार’ चं ‘पडली’ व्हायला वेळ लागत नाही. ज्यांना कट हवा होता त्यांना हे पटण्यासारखं नव्हतंच.

सरकारी बाजूही घाईने बोलून आणि उशिरा लिहून अडकली. मे २००२ च्या पहिल्या अहवालाने आगीची शक्यता मांडली आणि तिचीच संभवनीयता कमी असल्याचंही लिहिलं. सखोल तपास ज्या संस्थेकडे गेला तिने आधी मनोरे हाती घेतले. सात नंबरचा मसुदा यायला ऑगस्ट २००८ उजाडला. मसुद्याचं म्हणणं असं, की उष्णतेने तुळया लांबल्या, त्यांनी तेराव्या मजल्यावरची एक मुख्य तुळई आधारावरून सरकवली, मजले कोसळत गेले, ७९ क्रमांकाचा खांब आधाराविना वाकला आणि आतून सुरू झालेली पडझड बाहेरच्या भिंतींपर्यंत पोचली.

खरा वाद इथून पुढचा. मसुद्यात लिहिलं होतं की दिसणारे अठरा मजले खाली यायला ५.४ सेकंद लागले, मुक्त पतनाला, म्हणजे वाटेत कसलाच अडथळा नसता तर, ३.९ लागले असते. म्हणजे ४० टक्के जास्त. एका शाळामास्तरांनी, विषय भौतिकशास्त्र, तोच व्हिडिओ शाळेच्या प्रयोगांसाठी असतं तसल्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. सेकंदाला सुमारे ३० फ्रेम, मजल्यांची उंची माहीत. प्रत्येक फ्रेमला छताची कड कुठे आहे ते टिपायचं आणि वेगाचा आलेख काढायचा. आलेखात सुमारे अडीच सेकंद सरळ रेघ आली, उतार गुरुत्वत्वरणाएवढा. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानात मुक्त पतनाची गणितं सोडवलेल्या कोणालाही हे कागदावर पडताळता येईल. ऑगस्टच्याच जाहीर सत्रात त्यांनी हा प्रश्न विचारला. उत्तर मिळालं ते असं, की खाली कसलाही आधार नसेल तरच मुक्त पतन होतं, आणि इथे तर आधार होता.

नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात मात्र तीन टप्पे आले. पहिले १.७५ सेकंद संथ, मग २.२५ सेकंद जवळपास गुरुत्वत्वरणाने, सुमारे आठ मजले, ३२ मीटर; मग पुन्हा मंद. म्हणजे मास्तरांचा मुद्दा बरोबर होता आणि तो मान्य झाला. वाद मिटायला हवा होता, उलट पेटला. कारण मान्य करताना ‘आमच्या सरासरीमागे हे लपलं होतं’ एवढं मोकळेपणाने सांगितलं गेलं नाही. एकूण ५.४ सेकंदांचा आकडा तसाच ठेवून त्याचे तुकडे पाडले गेले. विरोधकांनी मग शून्य सेकंद कुठल्या फ्रेमपासून धरला हेच धरून ठेवलं. छताच्या एका बिंदूवरच्या पिक्सेलचा रंग बदलला तो क्षण संस्थेने शून्य मानला, आणि भिंत खरी हलली ती त्यानंतर, असा त्यांचा आक्षेप. या तक्रारीत थोडं तथ्य आहे असं मला वाटतं. सुरुवात कुठे धरली यावर सरासरी ठरते, आणि ४० टक्क्यांचं विधान त्याच सरासरीवर उभं होतं.

पण त्यातून स्फोटकं निघत नाहीत. आतला सांगाडा आधीच गेला असेल आणि बाहेरचे खांब आठ मजल्यांच्या उंचीत वाकून निकामी झाले असतील, तर तेवढा वेळ प्रतिकार नगण्यच राहणार. अहवालाचं स्पष्टीकरण तेच आहे. आलेख बाहेरचं कवच किती वेगाने पडलं ते दाखवतो, खांब कशाने गेले ते नाही. हौशी मंडळींची मोजणी चोख होती. गफलत झाली ती मोजणी संपल्यानंतरच्या वाक्यात.

पुढे २००९ मध्ये संगणकीय प्रतिकृतीची माहिती मागितली गेली, तेव्हा सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण देऊन तिचा मोठा भाग नाकारला गेला. हा निर्णय संशयाला खतपाणी घालणारा ठरला. २०१२ च्या शुद्धिपत्रात त्या मुख्य तुळईच्या आधाराची रुंदी ११ ऐवजी १२ इंच झाली. आराखडे मिळवून ताडून पाहणाऱ्यांनी पाठ सोडली नव्हती. २०२० मध्ये अलास्कातल्या एका विद्यापीठातल्या गटाने आगीने इमारत पडली नाही, सगळे खांब जवळपास एकाच वेळी निकामी झाले, असा निष्कर्ष काढला. अभ्यासाला पैसे फेरतपासाची मागणी करणाऱ्या वास्तुविशारदांच्या संघटनेचे होते. खांब एकदम कशाने निकामी झाले याचं उत्तर त्यात नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत ड्रीमलायनर पडलं तेव्हा हेच तंत्र मराठी घरांतल्या फोनवर पोचलेलं होतं. मोबाइलवरच्या काही सेकंदांच्या व्हिडिओवरून दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या गेल्या. पंखांचे फ्लॅप, म्हणजे उड्डाणाच्या वेळी उचल वाढवणाऱ्या झडपा, उघडलेच नव्हते, ही एक. आपत्कालीन वीजपुरवठ्याचा छोटा पंखा, रॅट, बाहेर आला होता आणि त्याचा आवाज ऐकू येतो, ही दुसरी. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात रॅट बाहेर आल्याचं विमानतळाच्या सीसीटीव्हीतल्या चित्रासह नोंदलं गेलं. फ्लॅपचा दांडा उड्डाणाच्या योग्य जागी, पाच अंशांवर होता. इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याचं कळलं ते ब्लॅक बॉक्समधून. बाहेरून काढलेल्या कुठल्याच व्हिडिओत ते दिसणं शक्य नव्हतं. त्यानंतर तर्कांचा रोख कॉकपिटकडे वळला.