विधानसभेचा उमेदवारी अर्ज: दुकानदार आणि ठेकेदारांचे कागद कुठे अडतात

विधानसभेला उभे राहायला धंदा आड येत नाही, शासनाशी केलेला करार आड येतो. शॉप अॅक्टचा परवाना, जीएसटी क्रमांक, डोक्यावरचे बँकेचे कर्ज, यांतले काहीही अपात्र ठरवत नाही. छाननीच्या दिवशी वय 25 पूर्ण हवे आणि राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. दोन अपत्यांची अट, घरचे शौचालय, घरपट्टीची थकबाकी हे सगळे ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या निवडणुकीतले नियम. विधानसभेला ते लागू नाहीत, तरी तिसऱ्या अपत्यापायी घरी बसणारे लोक आहेत.

खरी मेख लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 9-अ मध्ये आहे. राज्य शासनाला माल पुरवण्याचा किंवा शासनाचे काम करून देण्याचा तुमचा करार छाननीच्या दिवशी चालू असेल, तर तुम्ही अपात्र. रक्कम कितीही लहान असो. काम पूर्ण झाले आणि फक्त बिल अडकले असेल, तर करार चालू धरत नाहीत. कायद्यातच तसे स्पष्टीकरण आहे. पण काम पूर्ण झाल्याचा दाखला हातात हवा, आणि तो संबंधित विभागाकडून आठवडाभरात मिळेल या भ्रमात राहू नका. निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी मागा. रस्त्याच्या कामात दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडले तर ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, शिल्लक असेल तर विरोधक नेमके तिथेच बोट ठेवतात, तेव्हा आधी वकिलाला विचारा. ‘मी ठेका सोडला’ असे स्वतःच लिहून दिलेले पत्र पुरेसे समजू नका, विभागाने ते मान्य केल्याचा कागद घ्या. भागीदारीतल्या फर्मचा ठेका म्हणजे आपला नव्हे, हा समजही महागात पडू शकतो.

शासनाच्या मालकीचे महामंडळ म्हणजे राज्य शासन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका निवडणूक वादात म्हटले आहे. तरीही वर्क ऑर्डरवर सही कोणाच्या वतीने आहे, ते वाचून घ्या. आणि निवडून आल्यावर ठेका घेतला तरी सुटका नाही. 2015 मध्ये उत्तर प्रदेशचे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांनी सरकारी ठेक्यांपायी दोन आमदारांना अपात्र ठरवले होते.

पत्नीच्या नावावरचा ठेका या कलमात येत नाही, पण शपथपत्रात तो लिहावाच लागतो. हे शपथपत्र म्हणजे नमुना 26. स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेले, हिंदू अविभक्त कुटुंब, तुमचा हिस्सा असलेली भागीदारी फर्म आणि खासगी कंपनी, सगळ्यांचे सरकारी करार त्यात दाखवायचे. मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतले उत्पन्न, पॅन, जीएसटीसह सगळी सरकारी देणी, वादात असलेली देणीसुद्धा. एकही रकाना कोरा सोडू नका. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहा. नुसती रेघ ओढली म्हणजे रकाना भरला, असे होत नाही. निवडणूक निर्णय अधिकारी त्रुटीची नोटीस देतात. सुधारित, नोटरी केलेले शपथपत्र छाननी सुरू होण्याआधी दिले नाही तर अर्ज जातो. प्रत्येक पानावर तुमची सही आणि नोटरीचा शिक्का पाहून घ्या.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. दुकानातली, कारखान्यातली माणसे सूचक म्हणून उभी केली जातात आणि त्यांची नावे गावाकडच्या यादीत निघतात. म्हणून सही घेण्याआधी यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः तपासा. अंगठा लावणाऱ्या सूचकाला अधिकाऱ्यासमोर न्यावे लागते. तुमचेच नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीची प्रमाणित प्रत जोडा, साधी झेरॉक्स चालत नाही.

अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. रोख द्या किंवा कोषागारात चलन भरा, धनादेश घेत नाहीत. एका मतदारसंघात अर्जाचे चार संच भरता येतात आणि अनामत एकदाच लागते, तेव्हा एकच संच भरण्याचा धोका घेऊ नका.

अर्ज देण्याची वेळ सकाळी 11 ते दुपारी 3. अधिसूचनेनंतरचा सातवा दिवस शेवटचा, पण मध्ये रविवार आणि चौथा शनिवार आला की हातात दिवस कमी उरतात. पक्षाचा एबी फॉर्मही, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचा कागद, शेवटच्या दिवशी तीनच्या आतच पोचला पाहिजे, मूळ शाईच्या सहीचा.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ. ही शपथपत्राहून वेगळी. अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती घ्यावी लागते. छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही. अर्ज शेवटच्या दिवशी दिला असेल तर तिथेच, त्याच वेळी शपथ घ्या आणि पावती मागून घ्या. ती आपणहून हातात ठेवतीलच असे नाही.

निवडणूक खर्चाचे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. दुकानाचे चालू खाते इथे वापरू नका. महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा 40 लाख, गोव्यात 28 लाख. एकाच व्यक्तीला किंवा फर्मला संपूर्ण निवडणुकीत 10,000 रुपयांहून जास्त रोख देता येत नाही. मंडपवाल्याला आणि जीपवाल्याला हे आधीच सांगून ठेवा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही, तर हरलेला उमेदवारही तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो.