घराण्यातच शुगर आहे, पण कुठली?

सोलापुरात कुठल्याही डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये थोडा वेळ बसा, हे वाक्य कानावर पडतंच: ‘आमच्या घराण्यातच शुगर आहे.’ आजोबांना होती, वडिलांना आहे, आता मला निघाली. विषय तिथेच संपतो. इंग्लंडमधल्या एक्सेटरचे डॉक्टर-संशोधक अँड्र्यू हॅटर्सली यांनी मात्र उभी कारकीर्द त्याच्या पुढच्या प्रश्नात घातली. घराण्यात आहे ती शुगर नेमकी कुठली? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण उत्तराप्रमाणे औषध बदलतं, कधी तर औषधाची गरजच उरत नाही.

1992 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका ब्रिटिश कुटुंबातल्या मधुमेहाचा माग ग्लुकोकायनेज नावाच्या जनुकापर्यंत काढला. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना रक्तात साखर किती आहे हे कळतं ते या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनामुळे. जनुकात दोष असला की साखर जन्मापासून थोडी वर राहते, पण फारशी वाढत नाही. अशा माणसाला बहुधा गोळीही लागत नाही.

याच जनुकाने पुढे एक विलक्षण गोष्ट दाखवली. दोष फक्त आईत असेल, तर आईची वाढलेली साखर बाळाला मिळते, बाळ जास्त इन्सुलिन बनवतं आणि जन्मतः सुमारे 600 ग्रॅम जास्त भरतं. दोष फक्त बाळात असेल, तर ते इन्सुलिन कमी बनवतं आणि नेहमीपेक्षा 500 ग्रॅमहून अधिक हलकं भरतं. दोघांत असेल, तर वजन साधारण नेहमीसारखं! हे 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. पोटातल्या बाळाच्या वाढीत त्याच्या स्वतःच्या इन्सुलिनचा केवढा हात असतो, हे यातून लख्ख दिसलं.

पण हॅटर्सली यांचं सगळ्यांत मोठं काम तान्ह्या बाळांचं. दोन-तीन महिन्यांचं बाळ, सारखी लघवी, वजन घटत चाललेलं, लंगोटाला मुंग्या लागलेल्या. अशा बाळांना टाइप 1 (शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं तो मधुमेह) समजून आयुष्यभराचं इन्सुलिन सुरू व्हायचं. त्यांतल्या बऱ्याच जणांची बीटा पेशी शाबूत असते, इन्सुलिनही बनवते. फक्त ते बाहेर सोडत नाही. पेशीच्या आवरणावर पोटॅशियमची वाट असते. साखर आत आली की ती बंद व्हावी लागते, तेव्हाच इन्सुलिन सुटतं. लाइनचा वॉल्व्ह उघडाच अडकला की टाकी भरत नाही, तसं या बाळांचं होतं: वाट बंदच होत नाही. 2004 मध्ये हॅटर्सली यांच्या एक्सेटरच्या गटाने तान्हेपणी मधुमेह झालेल्या 29 रुग्णांपैकी 10 जणांत, ही वाट बनवणाऱ्या केसीएनजे11 या जनुकातले दोष शोधले.

आता खरी गंमत. सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या कित्येक दशकं बाजारात होत्या, स्वस्त होत्या, आणि त्या नेमकी हीच वाट बंद करतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा दोष असलेल्या 49 रुग्णांना या गोळ्या दिल्या. 44 जणांना इन्सुलिनची सुई बंद करता आली. शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए1सी 8.1 वरून 6.4 वर आलं. म्हणजे सुई गेली आणि साखरही सुधारली. वैद्यकात असा निकाल क्वचितच मिळतो.

आपल्याकडची बहुतेक शुगर अशी एका जनुकाची नसते, हेही सांगायला हवं. टाइप 2, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहामध्ये शेकडो जनुकीय फरक थोडाथोडा हातभार लावतात आणि खाणं, वजन, हालचाल यांचा वाटा मोठा असतो. त्यातला ठळक फरक टीसीएफ7एल2 या जनुकातला. तो 2006 मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी शोधला. पुढच्याच वर्षी हैदराबादचे गिरिराज चांडक आणि पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तो पुण्याच्या रुग्णांतही दाखवला.

सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघालेल्या प्रत्येक बाळाची जनुक तपासणी करावी, असं आता जगभर मानलं जातं. बाळाला दूर न्यायची गरज नाही, रक्ताचा नमुना पाठवला तरी पुरतो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये या विषयावर बरीच वर्षं काम चालू आहे. मोठ्यांपैकी ज्यांना पंचविशीच्या आत, अंगाने सडपातळ असताना शुगर निघाली आणि घरात लागोपाठ पिढ्यांत ती आहे, त्यांनी कुणाला कितव्या वर्षी निघाली, इन्सुलिन कधी लागलं, हे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावं. चालू इन्सुलिन मात्र तपासणीआधी कुणीही आपल्या मनाने बंद करू नये. खरा टाइप 1 असेल तर थोड्याच दिवसांत जिवावर बेततं.