बालेवाडीत खेळून गेलेला मुटू आणि त्याच्यामागे चौदा वर्षं लागलेली केस

2015 ला इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी पुणे सिटीने आद्रियान मुटूला मार्की प्लेअर, म्हणजे टीमचा मोठ्या नावाचा स्टार, म्हणून आणलं तेव्हा बऱ्याच लोकांना तो एवढाच माहिती होता, की लंडनच्या चेल्सी क्लबने ड्रग्जमुळे काढलेला तो रोमानियन फुटबॉलर. (खरा उच्चार 'मुतू' आहे, मराठीत टाइप करताना मी ट का वापरतोय ते सांगायला नको.) आदल्या सीझनला पुण्याचा मार्की होता फ्रान्सचा त्रेझेगे, हे दोघं इटलीतल्या युव्हेंटस क्लबला एकत्र खेळलेले. मुटू आला तेव्हा 36 वर्षांचा होता, कोच डेव्हिड प्लॅट, होम ग्राउंड बालेवाडी. तो क्लबही आता उरला नाही, 2019 ला बंद पडला आणि आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली.

पण मुटूची गोष्ट नीट समजायची तर मागे जावं लागतं. जन्म 1979, पितेश्तीच्या अर्जेश क्लबमधून वर आला, मग डिनामो बुखारेस्ट, 2000 मध्ये थेट इंटर मिलान. तिथे फार खेळायला मिळालं नाही म्हणून व्हेरोना, मग पार्मा, आणि पार्मात प्रान्देल्ली कोच असताना 2002-03 ला लीगमध्ये 18 गोल. त्याच उन्हाळ्यात रशियन अब्जाधीश अब्रामोविचने चेल्सी घेतलेला, पैसा नुसता वाहत होता, त्यात 2 कोटी 25 लाख युरो देऊन पाच वर्षांसाठी मुटूला उचललं. लेस्टरविरुद्ध पहिल्याच मॅचला गोल. सुरुवात झकास झाली, पण पुढे फॉर्म गेला, 2004 ला कोच म्हणून मोरिन्यो आला, त्याच्याशी खटके उडाले, आणि त्याच वर्षी टेस्टमध्ये कोकेन सापडलं. ऑक्टोबरअखेर चेल्सीने करार तोडला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने सात महिने बंदी आणि 20 हजार पाउंड दंड दिला.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहिती असतं, खरी गंमत यानंतर आहे. चेल्सीने स्वतःच काढलं, त्यामुळे तो फुकटात बाहेर पडला, आणि जानेवारी 2005 मध्ये युव्हेंटसने घेतला. त्यातही जुगाड बघा, रोमानिया तेव्हा युरोपियन युनियनमध्ये नव्हता आणि युव्हेंटसचा बाहेरच्या देशांच्या खेळाडूंचा कोटा भरलेला, म्हणून आधी लिव्होर्नो या दुसऱ्या इटालियन क्लबने साइन केलं आणि तिथून तो युव्हेंटसला आला. चेल्सीचं म्हणणं साधं होतं, करार आम्ही मोडला असला तरी त्याची कारणं ह्याने दिली, मग आम्ही मोजलेल्या पैशातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा ह्यानेच भरायचा. फिफाने (फुटबॉलची जागतिक संघटना) 2008 मध्ये आकडा काढला 1,71,73,990 युरो. खेळाडूला! म्हणजे नोकरीवरून काढलं आणि वर कंपनीने तुझ्यासाठी दिलेली पगडीपण तूच परत कर. मला हे अजूनही पचत नाही, शिक्षा व्हायलाच हवी होती पण ती बंदीने झालीच होती की.

मग सुरू झाल्या अपिलांच्या वाऱ्या. 2009 ला स्पोर्ट्सच्या लवादात हरला, 2010 ला स्वित्झर्लंडच्या सुप्रीम कोर्टात हरला. 2013 ला फिफा म्हणाली लिव्होर्नो आणि युव्हेंटसनेपण जबाबदारी घ्यायची, तेही जानेवारी 2015 मध्ये लवादाने उडवलं. म्हणजे बालेवाडीत उतरला त्याच वर्षी क्लब सुटले होते आणि हा एकटाच अडकलेला. शेवटी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात गेला, लवादातले लोक निःपक्षपाती नव्हते म्हणून. 2018 ला निकाल लागला, त्याच्याबरोबर जर्मन स्केटर क्लाउडिया पेखश्टाइनची केस होती, तिचं थोडं तरी ऐकलं, ह्याचं काहीच नाही.

मधल्या काळात खेळत होताच. 2006 ला इटलीतल्या मॅच फिक्सिंगच्या भानगडीत युव्हेंटस खाली ढकलली गेली आणि हा फिओरेन्टिनाला परत प्रान्देल्लीकडे, तिथे त्याचं बेस्ट फुटबॉल झालं. पण 2010 ला पुन्हा टेस्टमध्ये अडकला, ह्या वेळी सिब्युट्रामिन (भूक मारणारं औषध), नऊ महिने बंदी.

देशाकडून खेळतानाची एक मॅच, युरो 2008 (युरोपातल्या देशांची स्पर्धा), इटलीविरुद्ध. इटलीच्या झाम्ब्रोत्ताने डोक्याने गोलकीपरकडे मागे दिलेला बॉल कमी पडला, मुटूने मधेच हाणला, 1-0. मिनिटभरात इटलीच्या पानुच्चीने बरोबरी केली. 81 व्या मिनिटाला रोमानियाला पेनल्टी, मारायला मुटू, समोर इटलीचा गोलकीपर आणि त्याचा युव्हेंटसचा जुना सहकारी बुफॉन. मारला असता तर इटली त्याच दिवशी घरी. बुफॉनने आधी हात लावला आणि मग पायाने बॉल उडवला. इटली पुढे गेली, रोमानिया ग्रुपमध्येच संपली.

देशासाठी 77 मॅच, 35 गोल, रोमानियाचा दिग्गज हाजी, बरोब्बर त्याच्याइतके. त्याच्या पुढे जायला एक अजून हवा होता. पण 2013 मध्ये त्याने फेसबुकवर नॅशनल कोच पित्सुर्काला मिस्टर बीन बनवलेला फोटो टाकला, फेडरेशनने टीममधून कायमचा बाहेर काढला, आकडा तिथेच राहिला.

आणि त्याच फेडरेशनने 2020 ला त्याला अंडर-21 चा कोच केला. 2018 ला व्होलुन्तारी क्लबचा कोच म्हणून थोडे महिने काढलेले, बाकी अनुभव काय फारसा नाही. 2021 च्या युरोत ग्रुपमध्ये जर्मनी, नेदरलँड्स आणि यजमान हंगेरी. नेदरलँड्सशी 1-1, हंगेरीवर 2-1, जर्मनीशी 0-0, एकही मॅच न हरता 5 पॉइंट्स, आणि तिघांचे पॉइंट्स सारखे झाल्यावर गोलच्या हिशोबात बाहेर. त्यानंतर क्लबांचा कोच झाला, क्रायोव्हा, रॅपिड बुखारेस्ट, बाकूचा नेफ्ची, क्लूज, कुठेच फार टिकला नाही.