शेवटच्या युनिटचा भाव

उन्हाळ्याचं वीजबिल आलं की घरात पहिला आरोपी ठरतो तो बाथरूमचा रात्रभर चालू राहिलेला दिवा. 1000 वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट जळतं. या हिशेबाने 9 वॅटचा एलईडी रोज रात्री 8 तास विसरला, तरी महिन्याचे होतात जेमतेम सव्वादोन युनिट. म्हणजे दिवा निर्दोष. पण या सव्वादोन युनिटांची किंमत किती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. एका घरात ते 15 रुपयांना पडतात, तर शेजारच्या घरात 28 रुपयांना.

याचं कारण बिलातले टप्पे. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी 100, 300 आणि 500 युनिटांवर दर बदलतो. हे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, म्हणून वहन आकार (तारांतून वीज आणण्याचं शुल्क) धरून गोल आकडे घेऊ: पहिल्या 100 युनिटांना 6 रुपये, पुढच्या 200 ना 11, त्यापुढे 15. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. 101 वा युनिट पडला की सगळं बिलच महाग दराने लागतं, ही समजूत चुकीची आहे. आयकरासारखंच, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.

आता 290 युनिट वापरणारं घर घ्या. 130 रुपये स्थिर आकार (वापर कितीही असो, द्यावाच लागतो तो) आणि शुल्क मिळून बिल होतं साधारण 3,270. भागाकार केला तर युनिट सव्वाअकरा रुपयांना पडलं असं वाटतं. पण या घराने एक युनिट वाचवलं तर खिशात पावणेतेरा रुपये राहतात, कारण वाचतं ते नेहमी सर्वांत वरचं, सर्वांत महाग युनिट. 90 युनिटांच्या घरात तेच एक युनिट वाचवल्याचे फक्त सात रुपये. कुठलीही खरेदी किंवा बदल करण्याआधी आपल्या या शेवटच्या युनिटचा भाव काढावा. सरासरी दर कामाचा नाही.

युनिट कुठे जातात हे शोधायला मीटर पुरेसा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल ठिपका लुकलुकतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेलं असतं, उदाहरणार्थ 3200. तसा मीटर असेल तर 1125 ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं की त्या क्षणाचे वॅट मिळतात. घरातलं सगळं बंद करून एकच जुना पंखा पूर्ण वेगात लावला, तर ठिपका साधारण 15 सेकंदांनी लुकलुकेल: 75 वॅट. गीझर लावला की तो इतका भराभर लुकलुकतो की मधला वेळ मोजणं अवघड होतं. मला सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा प्रयोग: दिवे-पंख्यांची सगळी बटणं बंद, फ्रीजही थोडा वेळ बंद, आणि तरीही ठिपका दर दोन मिनिटांनी लुकलुकतोय. म्हणजे दहा वॅट कुठेतरी झिरपतायत. बहुधा रिमोटने ‘बंद’ केलेला सेट टॉप बॉक्स. दहा वॅट अहोरात्र म्हणजे महिन्याला सात युनिट, त्या बदनाम दिव्याच्या तिप्पट.

पंख्याचं गणित तर डोळे उघडणारं आहे. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा साधारण 30. रोज 15 तासांच्या वापरात महिन्याला 20 युनिटांचा फरक पडतो. 290 युनिटांच्या घरात हे अडीचशे रुपये होतात, आणि तीन हजारांचा पंखा वर्षभरात स्वतःची किंमत फेडतो. 90 युनिटांच्या घरात त्याला पावणेदोन वर्षं लागतील. पंखा एकच, पण दोन घरांसाठी सल्ला वेगळा. आणि पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम उडवून आपल्याला थंड करतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा हवा किंचित तापवण्याचंच काम करतो.

खरी वीज खातं ते तापवणं आणि थंड करणं. पुण्यात जानेवारीत 18 अंशांचं पाणी नळाला असेल, तर 20 लिटरची बादली 42 अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. महाग टप्प्यात एका बादलीचे सात रुपये. इथे ‘3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर जास्त खातो’ ही तक्रार टिकत नाही. पाण्याला लागणारी उष्णता ठरलेली आहे, मोठा गीझर ती लवकर देऊन मोकळा होतो. टाकीचा गीझर उलट तासन्‌तास चालू ठेवला तर भिंतींतून उष्णता गमावत बसतो. साडेआठशे-नऊशेचं सिलिंडर धरलं तर गॅसवर तीच बादली साडेतीन रुपयांच्या आसपास तापते. मात्र गॅस गीझर बंदिस्त न्हाणीघरात बसवणं जिवावर बेतू शकतं, कारण गॅस जळताना निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तो बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

एसी थंडावा तयार करत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. म्हणून प्रश्न एवढाच की घरात उष्णता शिरते किती. बाहेर 38 आणि आत 18 अंश असेल तर फरक 20 अंशांचा, आत 24 ठेवलं तर 14 चा. भिंतींतून येणारा लोंढा तेवढ्यानेच 30 टक्के घटतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो एका अंशामागे साधारण 6 टक्के बचत सांगतो. 26 अंश आणि सोबत मंद पंखा, हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय. कोकणात एसीला हवेतला दमटपणाही पाणी करून काढावा लागतो. तिथे खिडकीची फट जास्त महागात पडते.

दर निवडण्याचं काय? आपल्याकडे निवड आहे, पण थोडी. स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते, सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे. दुपारी सौर वीज मुबलक असते, संध्याकाळी नसते, म्हणून ही वेळ. कपडे धुणं, इस्त्री, पाण्याचा पंप दुपारी केला आणि 20 युनिट हलवले, तर 16 रुपये सुटतात. मिळतायत ते घ्यावेत, पण त्यासाठी घराचं वेळापत्रक उलथंपालथं करू नये. फ्रीज दिवसा चालतोच, त्याचा वाटा आपोआप पदरात पडतो.

मुंबई उपनगरांत खरी निवड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालानंतर, 2009 पासून तिथला ग्राहक रिलायन्सच्या (आता अदानीच्या) तारा तशाच ठेवून टाटाची वीज घेऊ शकतो. तारांचं भाडं मात्र तारा ज्याच्या, त्यालाच. कंपन्यांची तुलना करताना जाहिरात बाजूला ठेवा आणि दोघांचे टप्पे शेजारी मांडून आपल्या बारा महिन्यांचे युनिट त्यात घाला. एक कंपनी खालच्या टप्प्यात स्वस्त आणि दुसरी वरच्या, असं होऊ शकतं. ज्या घरात थ्री फेज कनेक्शन आहे पण त्याची गरज उरलेली नाही, तिथे सिंगल फेजचा विचार करावा. स्थिर आकार बराच कमी होतो.

छतावरच्या सौर पॅनेललाही शेवटच्या युनिटच्या भावाचाच नियम लागू होतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना 30,000 रुपये प्रत्येकी, आणि तीन किलोवॅटला एकूण 78,000 अनुदान आहे. त्यामुळे विक्रेता तीनच सुचवतो. एक किलोवॅट महिन्याला साधारण 120 युनिट देतो. घराचा वापर 250 युनिट असेल तर पहिला किलोवॅट 150 महाग युनिटांपैकी 120 खोडतो आणि महिन्याला दीड हजार वाचवतो. दुसरा उरलेल्या 30 महाग आणि 90 स्वस्त युनिटांना हात घालतो, हजारच्या आसपास. तिसऱ्याला खोडायला दहाच युनिट उरतात. बाकीची वीज कंपनीच्या जाळ्यात (ग्रिडमध्ये) जातात, पुढच्या महिन्यांत वळती होतात, आणि वर्षाअखेर शिल्लक राहिलीच तर तुटपुंज्या दराने त्यांचा हिशेब मिटतो.