आसवनीतल्या एका लिटरचा खर्च

साखर कारखान्याच्या आसवनी (मळीपासून इथेनॉल बनवणाऱ्या) प्रकल्पाचे भूमिपूजन झाले की लातूर, धाराशिव, बीडकडच्या बातम्यांत ‘इतक्या कोटींचा प्रकल्प’ हा आकडा ठळक छापून येतो आणि वाचणाऱ्याला तोच कारखान्याचा खर्च वाटतो. प्रत्यक्षात तो केवळ उभारणीचा खर्च असतो. इथेनॉलचा एक लिटर किती रुपयांना पडेल हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर पाया खणण्यापूर्वीच कागदावर काढावे लागते.

त्यातला सोपा भाग कच्च्या मालाचा. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम इथेनॉल व 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे शाळेतले रसायनशास्त्र. सी-हेवी मळीच्या, म्हणजे साखर शक्य तितकी काढून घेतल्यावर उरलेल्या मळीच्या, एका टनात आंबवण्याजोगी साखर 400 किलो धरली, तर सुमारे 259 लिटर इथेनॉल निघायला हवे. परंतु यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरते आणि ऊर्ध्वपातनातही थोडे निसटते, म्हणून 230 लिटर धरणे रास्त. त्यावर वाफ, वीज, पाणी, मजुरी आणि स्पेंटवॉशच्या (ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या सांडपाण्याच्या) विल्हेवाटीचा खर्च चढतो.

खरी गंमत उभारणीच्या खर्चात आहे. क्षमता दुप्पट केली की खर्चही दुप्पट होईल असे सहज वाटते, पण तो साधारण 1.52 पटच होतो. रॉजर विल्यम्स यांनी 1947 साली मांडलेल्या ‘सहा-दशांश’ नियमानुसार दोन कारखान्यांच्या क्षमतांच्या गुणोत्तराचा 0.6 वा घात म्हणजे त्यांच्या खर्चांचे गुणोत्तर. याचे मूळ भूमितीत आहे. टाकीत किती माल मावेल हे घनफळ ठरवते, तिला किती पत्रा लागेल हे पृष्ठफळ. आकार तोच ठेवून घनफळ दुप्पट केले तर पृष्ठफळ 1.59 पटच, म्हणजे 2 च्या दोन-तृतीयांशाव्या घाताइतकेच, होते. मापके, नियंत्रण यंत्रणा आणि आराखड्याचा खर्च तर त्याहूनही सावकाश वाढतो, त्यामुळे घातांक दोन-तृतीयांशावरून आणखी थोडा खाली येतो. एक टाकी मोठी करण्याऐवजी तशाच दोन टाक्या शेजारी बसवल्या, तर मात्र घातांक 1 होतो आणि बचत संपते.

हीच भूमिती उलटूनही येते. किण्वनात, म्हणजे साखर आंबताना, निर्माण होणारी उष्णता घनफळाच्या प्रमाणात वाढते, ती बाहेर टाकणारा पत्रा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही; यीस्टला तीस-पस्तीस अंश मानवतात, आणि मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशीच्या पलीकडे जातो. म्हणून मोठ्या टाकीतील रस बाहेर फिरवून थंड करावा लागतो, आणि त्या यंत्रणेचा खर्च पुन्हा भांडवलातच मिळवावा लागतो.

घसारा, व्याज आणि विमा उभारणीच्या रकमेवर टक्क्यांनी आकारले जातात व कारखाना बंद असला तरी चुकत नाहीत. (बॉयलरच्या अग्निप्रदीपनासाठी शुभमुहूर्ताची वाट पाहत यंत्रे तयार ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की बँकेचे व्याज पंचांग पाहत नाही.) दुप्पट क्षमतेच्या आसवनीत प्रत्येक लिटरवरचा भांडवली भार 0.76 पट होतो, पण ती पूर्ण चालली तरच. ती 76 टक्क्यांपेक्षा कमी चालली, तर पूर्ण चालणारी अर्ध्या क्षमतेची आसवनी त्या बाबतीत स्वस्त ठरते.

आता इथला हिशेब पाहा. रोज 2,500 टन गाळप करणारा कारखाना 150 दिवस चालला तर 3.75 लाख टन ऊस गाळला जातो. चार टक्क्यांनी 15,000 टन मळी निघते आणि तिचे 34.5 लाख लिटर इथेनॉल होते. रोज 30,000 लिटरच्या आसवनीला हा माल 115 दिवस पुरतो, 60,000 लिटरच्या आसवनीला दोन महिनेही नाही. बाहेरून मळी आणायची तर वाहतूक वाढते, आणि दुष्काळी वर्षी शेजारच्या कारखान्याकडेही ती नसते. साखर अधिक राहिलेली बी-हेवी मळी किंवा थेट उसाचा रस वापरणे हा दुसरा मार्ग, पण तो सरकारी धोरणावर अवलंबून आहे: डिसेंबर 2023 मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते.

त्यामुळे मक्यावरही चालणारी आसवनी आता अनेकांना बरी वाटते. मक्यातील स्टार्चची आधी साखर करावी लागते. त्यासाठी दळण्याची व शिजवण्याची यंत्रणा, विकरे (एन्झाइम) आणि उरलेला चोथा वाळवण्याची सोय लागते. हे सारे उभारणीच्या खर्चात चढते. चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो, तेव्हा त्याची रक्कम लिटरच्या खर्चातून वजा करायची.