मॉडेलनं न पाहिलेला सिंहस्थ

२०२७ च्या सिंहस्थाची चर्चा नाशकात सध्या रस्ते, घाट, साधुग्राम आणि गोदेचं पाणी यांच्याभोवती फिरते. पण पर्वणीच्या पहाटे रामकुंडाकडे निघालेल्या माणसांची गर्दी एकाच वेळी दोन ठिकाणी होणार आहे. एक घाटावर, आणि दुसरी मुंबईतल्या नाहीतर हैदराबादेतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. चहाचे पैसे यूपीआयने द्यायचे, स्नानाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकायचा, नाशिकरोडहून परतीची गाडी बघायची, चुकलेल्या काकांना लोकेशन पाठवायचं. यातलं बहुतेक सगळं क्लाउडवर चालतं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या हजारो सर्व्हरच्या जाळ्यावर. ही दुसरी गर्दी सांभाळायचं काम हळूहळू कृत्रिम बुद्धिमत्तेकडे चाललं आहे.

मोबाइलवर चाक गरगरत राहिलं की आपण म्हणतो, सर्व्हर लांब असेल. नाशिक ते मुंबई साधारण १७० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. केबल सरळ रेषेत जात नाही हे धरलं तरी जाऊन-येऊन मोजके मिलिसेकंद लागतात. खरा वेळ जातो तो रांगांमध्ये: टॉवरवर, राउटरमध्ये, सर्व्हरच्या दारात, त्यामागच्या डेटाबेसपाशी.

या रांगा हाताबाहेर गेल्या की काय होतं ते १९८६ मध्ये अमेरिकेत दिसलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पोच न आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, प्रत्येक कॉम्प्युटर पुन्हा पाठवत होता आणि रांग आणखी लांबत होती. त्याच प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचा उपाय मांडला: पॅकेट हरवलं तर पुढे गर्दी आहे असं समजा आणि आपला वेग आपणच कमी करा. या शिस्तीची सुधारलेली रूपं आजही इंटरनेट चालवतात.

पण या पद्धतीत प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसतं. गुगलने २०१३ मध्ये आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या 'बी४' जाळ्याची माहिती प्रसिद्ध केली. अशा लांब पल्ल्याच्या लाइन एरवी ३० ते ४० टक्केच भरलेल्या ठेवायची रीत होती. एखादी लाइन तुटली तर जागा हवी म्हणून. गुगलने सगळ्या मार्गांचे निर्णय एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे दिले, तातडीचं काय आणि थांबू शकेल असं काय हे त्याला सांगितलं, आणि बऱ्याच लाइन जवळजवळ पूर्ण भरून चालवून दाखवल्या. यात एआय नव्हतं. पण सगळं जाळं एका जागेवरून दिसू लागलं, बदलता येऊ लागलं, आणि एआयला हात घालायला जागा झाली.

त्याचं पहिलं काम अंदाजाचं. जुनी पद्धत अशी, की सर्व्हरवरचा भार समजा ७० टक्क्यांवर गेला की नवा सर्व्हर चालू करायचा. तो कामाला लागायला काही मिनिटं जातात आणि लोंढा तेवढा थांबत नाही. गंगापूर धरण काठोकाठ भरेपर्यंत वाट पाहिली तर एकदम मोठा विसर्ग सोडावा लागतो आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीभोवतीचं पाणी भराभर चढतं; त्र्यंबककडचा पाऊस बघून आधीच टप्प्याटप्प्याने सोडलं तर शहराला सोसतं. मॉडेल, म्हणजे जुन्या आकडेवारीवरून शिकलेलं एआय, हेही असंच मागच्या आठवड्यांचा, वारांचा, तासांचा कल बघून लोंढ्याआधी सर्व्हर उठवतं.

दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं, जरी त्याचं कौतुक कमी होतं. रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दातात फायबर आलं असं समजा. तुटली एकच केबल. पण कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर राउटर सांगतो शेजारी गायब, टॉवर सांगतात वाट नाही, पर्यायी लाइन भार वाढल्याचं कळवते, उत्तराची वाट बघून ॲप थकतात आणि त्यांचे टाइमआउट सुरू होतात, पेमेंट अडकल्याच्या तक्रारी वेगळ्याच. पहाटे तीनच्या शिफ्टला एकटा इंजिनिअर आणि समोर शेकडो अलार्म. कोणता अलार्म कोणाच्या किती सेकंद आधी आला, कोणतं यंत्र कोणाला जोडलेलं आहे, पूर्वी असाच गठ्ठा आला तेव्हा दोष कुठे निघाला, हे ताडून मॉडेल सगळ्याची मोट बांधतं आणि वर एक ओळ ठेवतं: अमुक दोन ठिकाणांमधली केबल आधी बघा.

हे सगळं कालच्या अनुभवावर उभं आहे, आणि सिंहस्थाची गोम इथेच आहे. मागचा सिंहस्थ २०१५ चा. अमेझॉनचं मुंबईतलं क्लाउड केंद्र सुरू झालं जून २०१६ मध्ये, गुगलचं २०१७ मध्ये. यूपीआय आलं २०१६ मध्ये, जिओचं फोर-जी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे २०१५ ची आकडेवारी जशीच्या तशी मिळाली तरी मॉडेलला तिच्यातून शिकण्यासारखं फार थोडं आहे. प्रयागराजचा २०२५ चा महाकुंभ जास्त उपयोगी. पण तिथलं मैदान विस्तीर्ण. आपला रामकुंड जुन्या पंचवटीच्या दाटीत, आणि स्नानाची आणखी एक गर्दी ३० किलोमीटरवर त्र्यंबकला.

त्यात आणखी एक पेच. एरवी सर्वांत शांत असलेल्या पहाटेच्या वेळी एकाच शहरातून, कधी न दिसलेले लाखो फोन, मोजक्याच सेवांवर एकदम तुटून पडतात. सर्व्हर बुडवण्यासाठी केलेल्या हल्ल्याचं रूपही बरंचसं असंच असतं. भोळं मॉडेल भाविकांनाच दारात अडवून ठेवेल. म्हणून त्याला आधी पंचांग द्यावं लागतं, पर्वणीच्या तारखांसकट. शिवाय बारीक खुणा शिकवाव्या लागतात: माणूस पान उघडतो, थांबतो, चुकीचं बटण दाबतो, हल्ल्यातली यंत्रं बहुधा तीच मागणी ठरावीक अंतराने करत राहतात. हुशार हल्लेखोर तेही झाकतात.

तेव्हा एआयने नुसतं सुचवायचं, की बटणही दाबायचं? माझं मत विचाराल तर सर्व्हर वाढवायचे असतील तर खुशाल दाबू द्यावं. चूक झाली तर फार तर बिल वाढेल. मार्ग बदलणं आणि कुणाला अडवणं यांना मात्र मर्यादा हवी. गुगलने २०१६ मध्ये डीपमाइंड या आपल्या एआय कंपनीचं मॉडेल वापरून डेटा सेंटर थंड ठेवण्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं सांगितलं. तेव्हा मॉडेल सल्ला देई आणि माणसं अंमल करत. थेट ताबा दिल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं, तेही तापमानाच्या ठरलेल्या हद्दीत आणि माणसाला केव्हाही ताबा परत घेता येईल अशा बेताने.

ही सावधगिरी अनाठायी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात पत्त्यांची नोंदवही सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रोग्रॅमांची वेळ चुकली. मागे पडलेल्या एकाने जुनी यादी नव्या यादीवर चढवली. दुसऱ्याने ती जुनी म्हणून पुसली. एका महत्त्वाच्या डेटाबेसचा पत्ता कोरा राहिला, जगभरातली ॲप अडखळली, आणि शेवटी माणसांना हाताने दुरुस्ती करावी लागली. चूक स्वयंचलित यंत्रणेची होती, शिकणाऱ्या मॉडेलची नव्हे. पण मॉडेलच्या हाती देतो ती बटणं हीच.

फेसबुकचीही अशीच गत त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ ला झाली होती. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, चुकीची आज्ञा अडवणाऱ्या तपासणी प्रोग्रॅमातच दोष निघाला, आणि सुमारे ६ तास सगळं बंद राहिलं. दुरुस्तीची साधनं त्याच जाळ्यावर होती, राखीव वाटही बंद पडली होती. इंजिनिअरांना डेटा सेंटरपर्यंत प्रत्यक्ष जावं लागलं. २०२७ साठी कोणी एआयचा करार करत असेल तर ते बंद करायचं बटण कोणत्या लाइनवर आहे, हा प्रश्न निविदेतच विचारलेला बरा.